न झालेली दंगल कॅमेऱ्यात कशी पकडायची?

पेणकर, रोहेकर, अष्टमकर. ही आडनावं ज्यू माणसांची असतील, असं चटकन कुणाच्या मनात येईल? पण आहेत! कोकणातल्या बेने इस्रायल समाजानं गावांवरून ती घेतली. घाण्यावर तेल काढणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. मराठी बोलत, मलिद्याच्या विधीला गोड पोहे करत ते इथं शतकानुशतकं नांदले. युरोपात ज्यूंच्या वस्त्या जळत होत्या, तेव्हा इथं त्यांच्या धर्मावरून कुणी त्यांच्या अंगावर गेलं नाही.

माहितीपटापुढचं खरं कोडं इथंच आहे. द्वेष लगेच दिसतो, ऐकू येतो: घोषणा, मिरवणूक, धूर. शेजारधर्माला मात्र घटनाच नसते. मग दाखवायचं काय?

माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी ‘राम के नाम’मध्ये (१९९२) अयोध्येच्या आंदोलनाचा गजर टिपला आणि त्याच चित्रपटात, न्यायालयानं नेमलेले रामजन्मभूमीचे पुजारी लालदास यांनाही बोलतं केलं. मंदिराचा पुजारीच त्या आंदोलनाला विरोध करताना पाहिला, की ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ ही सोपी मांडणी कोसळते. अर्थ एकेका दृश्यात नसतो, दृश्यांच्या जोडणीत असतो. पटवर्धनांच्याच ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’च्या प्रसारणावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही २००६ साली चित्रपट सबंध पाहूनच जोखला.

सादिया शेपर्ड यांनी दुसरी वाट धरली. त्यांची आजी जन्मानं बेने इस्रायल, लग्नानं मुसलमान; वडील ख्रिस्ती. आजीचं मूळ शोधत त्या मुंबईत आणि कोकणात आल्या. ‘इन सर्च ऑफ द बेने इस्रायल’ (२००८) या त्यांच्या माहितीपटाचा विषय म्हणजे बहुतेक समाज इस्रायलला गेल्यावर इथं मागे राहिलेली मोजकी माणसं.

आता चौकट जरा रुंद करून पाहा. कोकणात ज्यांना कुणी धर्माचा पुरावा मागितला नाही, त्याच बेने इस्रायलांच्या ज्यूपणाबद्दल इस्रायलमधल्या धर्मपीठानं शंका घेतली! लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं.

म्हणजे असहिष्णुता कुठल्या एका धर्माच्या रक्तात नसते. कुणीतरी हाती सत्ता घेऊन ‘आपला कोण, परका कोण’ हे ठरवू लागतं, तिथं ती सुरू होते. हे ठरवणं दाखवणारा माहितीपट मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलताही येतं. असं न ठरवताही एकत्र नांदता येतं, याचा पेण-रोह्याचा इतिहास भक्कम पुरावा आहे. तो सांगणारी माणसं आहेत, तोवरच तो चित्रित व्हायला हवा.