धान निघाले की नाटक

भाऊबीज आली की आपल्या झाडीपट्टीत दोन घाया सुरू होतात. बांधीतला कडपा उचलून पुंजण्यात घालायचा आणि गावच्या नाटकाची तारीख पक्की करायची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पट्ट्यातल्या रंगभूमीचे वेळापत्रक धानानेच ठरविले आहे. हंगाम उन्हाळा लागेपर्यंत चालतो.

मूळ आपली दंडार व खडी गंमत. मंडईत आजही दिसतात. स्त्रीची भूमिका लुगडे नेसून पुरुषच करीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर या लोककलांचाही अभ्यास केला, म्हणून बरेच कागदावर तरी आले. नाटकाला जोर आला तो शंकरपटामुळे, असे जुने लोक सांगतात. दिवसा पट, गावोगावचे पाहुणे दाराशी. रात्री एवढ्यांना निजवायचे कुठे? मग बांधीत मांडव घाला आणि पहाटेपर्यंत नाटक करा. उजाडले की पाहुणे आपापल्या वाटेने!

पूर्वी गावचीच पोरे तालमी करीत, नटी तेवढी बाहेरून आणीत. पुढे धंदेवाईक मंडळ्या निघाल्या आणि रेल्वेचे ठिकाण असलेले वडसा, म्हणजे देसाईगंज, त्यांचे केंद्र झाले. तारीख ठरवायला आता गावकरी तिथेच जातात. कलावंतांना यातून पोट मिळाले, हे चांगलेच झाले. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण गावचा नट प्रेक्षकात जाऊन बसला, हेही खरे. माझ्या मते, वर्षातून एक प्रयोग तरी गावच्या पोरांचा असावा.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, तरी नाटक थांबले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हा सरपंच व ग्रामसेवक मंडळींनी पट ठेवायचा तर प्रशासनाची पूर्वपरवानगी आधी घ्यावी. तारीख जाहीर करून मग धावपळ नको.

खरी जोखीम पैशाची. मंडळीचा ठराव अगोदर होतो, तिकिटाचा पैसा मात्र त्या रात्रीच येतो. अवकाळी आला किंवा धानाचा चुकारा लांबला की लोक हात आखडतात आणि तूट गावच्या मंडळाच्या गळ्यात. म्हणून पावसाने प्रयोग बुडाला तर काय, हे ठरावातच लिहून घ्या. हिशेब चावडीवर वाचा.

आणि जागेचे बघा. हलक्या धानाची बांधी लवकर मोकळी होते, वाळतेही लवकर; ती धरा. उतेऱ्यात लाखोळी टाकली असेल त्या बांधीत मांडव नको, शेजाऱ्याच्या तर नकोच नको. खांबांचे खड्डे प्रयोग झाल्यावर मंडळाने बुजवावे आणि फुटलेला धुरा बांधून द्यावा, नाहीतर पुढच्या वर्षी बांधी कोण देईल?