मांडुळाला तोंडे किती?

सापाला हाडे नसतात, असे अनेकांना वाटते. दोरीसारखे वेटोळे घालणारे शरीर पाहिले की तसे वाटणे स्वाभाविकच. प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात २०६ हाडे असतात, तर सापाच्या नुसत्या कण्यातच जातीनुसार साधारण २०० ते ४०० मणके असतात. धडातल्या जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी असते. आपल्या बरगड्या पुढे छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात. सापाला ते हाडच नसल्याने मोठे भक्ष्य गिळताना त्याच्या बरगड्या फाकू शकतात.

प्राण्यांची वर्गवारी करताना मोठी विभागणी होते ती कण्यावरून. गांडुळाला कणा नाही, म्हणून ते अपृष्ठवंशी. कुंडीच्या मातीत सापडणारा वाळा गांडुळासारखा दिसतो, पण त्याला कणा आहे; तो साप आहे. कोकणातल्या देवगांडुळाच्या नावातच गांडूळ, तरी तो कणा असलेला उभयचर, म्हणजे बेडकाचा नातलग!

पाय नसले तरी साप चतुष्पाद प्राण्यांच्याच गटात मोडतो, कारण त्याचे पूर्वज चार पायांचे होते. त्याचा पुरावाही हाडांतच आहे. अजगराच्या मलद्वाराजवळ दोन लहान नख्या असतात आणि आत कमरेच्या व मांडीच्या हाडांचे अवशेष. अर्जेंटिनात सापडलेल्या आणि २००६ मध्ये वर्णन झालेल्या ‘नजाश’ या जीवाश्म सापाला तर मागचे पाय होते.

हाडांची ही साक्ष आज मांडुळासाठी फार मोलाची आहे. त्याची शेपटी बोथट असल्याने त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात. गुप्तधन शोधून देतो, या भ्रमापायी त्याची लाखो रुपयांना तस्करी होते. शेपटीवर डोळे-तोंड भासावे म्हणून तिला जखमाही केल्या जातात. मांडुळाचा सांगाडा मात्र स्पष्ट सांगतो : कवटी एक, जबडा एक, दुसऱ्या टोकाला फक्त शेपटीचे मणके. डोके समजून शत्रूने शेपटीवर हल्ला करावा आणि खरे डोके वाचावे, एवढाच तिचा उपयोग.

मांडूळ बिनविषारी आहे, उंदीर खातो आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, विकणे हा गुन्हा आहे. शेतात दिसला तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. घरात शिरला, तर वन विभागाला कळवावे. शेतकऱ्याला त्याच्यापासून मिळणारे धन एकच : उंदरांच्या तोंडून वाचलेले धान्य.