पिकअप गाडीच्या डिफरन्शियलमधील तेल कसे बदलावे?

पूर्वी आसाला वंगण पोचले आहे याची खात्री केल्यावाचून गाडीवान बैलगाडी जुंपीत नसे. वंगणाचे नळकांडे गाडीखालीच टांगलेले असे. आज पुष्कळ शेतकरी बंधूंचा माल स्वतःच्या पिकअप गाडीतून बाजार समितीत जातो. इंजिनातील तेलाकडे सर्वांचे लक्ष असते. परंतु मागच्या आसाच्या मध्यावर जो फुगीर लोखंडी डबा दिसतो, त्यातील तेलाची आठवण सहसा कोणास होत नाही. हे तेल जळत नाही, आणि कमी झाले तरी चालकापुढे इशाऱ्याचा दिवा लागत नाही. दोष कळतो तो दाते झिजून आवाज येऊ लागल्यावरच. व तेव्हा दुरुस्तीचा खर्च तेलाच्या किमतीच्या अनेक पट होतो.

डिफरन्शियलचे कार्य

खळ्यावर पात फिरते तेव्हा तिवड्याजवळच्या बैलास थोडे चालावे लागते व कडेच्या बैलास पुष्कळ. गाडी वळताना चाकांचेही तसेच होते. बाहेरचे चाक जास्त व आतले कमी फिरले पाहिजे. ही सोय डिफरन्शियलमुळे होते. शिवाय इंजिनाची शक्ती लांब दांड्याने मागे येते, ती पिनियन व क्राऊन या दोन दातेरी चक्रांमार्फत येथेच काटकोनात वळून चाकांकडे जाते. पिनियन हे क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा काहीसे खाली बसविलेले असते. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, तर घसरतातही. हा दाब व ही घसरण सोसण्यासाठी गंधकयुक्त द्रव्ये मिसळलेले विशेष गिअर ऑईल लागते. इंजिनाचे तेल येथे चालत नाही.

तेल कोणते व केव्हा

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हाच खरा आधार होय. तेलाची प्रत, त्याचे माप व बदलण्याचे अंतर तीत दिलेले असते. पुष्कळ पिकअप गाड्यांना जी.एल.-५ प्रतीचे ८० डब्ल्यू-९० किंवा ८५ डब्ल्यू-१४० तेल सांगितलेले असते. तथापि शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज करू नये. जी.एल.-५ तेल गिअरबॉक्समध्येही परस्पर ओतू नये. काही गिअरबॉक्समधील पितळी भागांना ते बाधते. ज्यांची गाडी नेहमी पूर्ण भाराने कच्च्या रस्त्यावर धावते, त्यांनी पुस्तिकेतील अंतर पुरे होण्याची वाट न पाहता तेल अगोदरच बदलावे.

पहिला नियम : वरचा बोल्ट आधी

डिफरन्शियलच्या डब्याला सामान्यतः दोन बोल्ट असतात. बाजूचा, वरच्या अंगाचा बोल्ट तेल भरण्याचा व तळाचा तेल सोडण्याचा. प्रथम वरचा बोल्ट सुटतो याची खात्री करून घ्यावी. त्यानंतरच तळच्या बोल्टास हात लावावा.

कांदा काढणीच्या ऐन दिवसांत एका शेतकरी बंधूने उत्साहाने तळचा बोल्ट काढून सर्व तेल सोडले. नंतर पाहतो तो वरचा बोल्ट गंजून घट्ट बसलेला; पाना घसरून त्याच्या कडाही गेल्या. ट्रॅक्टरने गाडी ओढून न्यावी, तर मागची चाके जमिनीवर फिरताच कोरडे दाते एकमेकांवर घासणार. अखेर कारागिरास शेतावर आणावे लागले व भरलेला माल दोन दिवस जागीच राहिला. वरचा बोल्ट आधी सैल केला असता, तर जुन्या तेलावर गाडी चालवीत कारागिराकडे नेता आली असती.

कृती

१. गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून आणावी. कोमट तेल लवकर व पूर्ण निथळते.

२. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा व चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलणे भागच असेल, तर भक्कम स्टँड देऊन ती सर्व बाजूंनी समपातळीत ठेवावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कोणीही शिरू नये.

३. बोल्टांभोवतीची माती ब्रशने काढावी. नेमक्या मापाचा पाना लावून वरचा बोल्ट सोडवावा.

४. खाली पसरट भांडे ठेवून तळचा बोल्ट काढावा व तेल पूर्ण निथळू द्यावे.

५. तळचा बोल्ट पुसून, नवे वायसर घालून बसवावा. आटे बिघडतील इतका जोर लावू नये.

६. हातपंपाने किंवा नळी जोडलेल्या नरसाळ्याने नवे तेल भरावे. तेल वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत येऊन बाहेर झिरपू लागले की पातळी बरोबर झाली असे समजावे. मग वरचा बोल्ट बसवावा.

७. थोडे अंतर जाऊन यावे व गळती नाही हे पाहावे. तारीख व किलोमीटर वहीत नोंदवावे.

काही गाड्यांना तळचा बोल्ट नसतो. मागचे झाकण काढावे लागते. ते काम प्रथम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे.

जुने तेल काय सांगते?

बोल्टाच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असल्यास ती नेहमीची झीज होय. परंतु बोटाला टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा आढळल्यास गाडी कारागिरास दाखवावी. तेल दुधासारखे दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे जाणावे. तापलेला डबा ओढ्याच्या पाण्यात एकदम थंड होतो, आतील हवा आकसते व पाणी आत ओढले जाते. असे तेल किलोमीटर न मोजता त्वरित बदलावे. डब्यावरील हवेची लहान नळीही चिखलाने बुजू देऊ नये. ती बुजल्यास आतील दाब वाढून ऑईल सीलमधून तेल गळते.

जुन्या तेलाची विल्हेवाट

हे तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. चुलीतही जाळू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून, असे तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील पिकअपधारकांना एकत्र बोलावून एका गाडीवर हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे. हंगामापूर्वीचा हा एक तास ऐन बाजाराच्या दिवशी गाडी अडण्याचा धोका पुष्कळ कमी करतो.