पदवी दुसऱ्याच्या मुखीं शोभते

हल्लीं शहरोशहरीं ज्युदो, कराटे, आयकिदो या जपानी विद्यांचे वर्ग निघाले असून घरोघरचीं मुलें संध्याकाळीं पांढरा पोशाख घालून, कमरेस पट्टा बांधून तेथें जातात. त्यांच्याबरोबर 'सेन्सेई', 'सेम्पाई' हे शब्दहि आपल्या माजघरापर्यंत येऊन पोंचले आहेत. परंतु शब्द उचलणें सोपें, त्यामागील मर्यादा उचलणें कठीण. म्हणून याविषयीं वाचकांशीं चार गोष्टी बोलाव्या असें आम्हांस वाटलें.

'सेन्सेई' याचा अक्षरार्थ 'आधीं जन्मलेला'. शाळेंतील शिक्षक, डॉक्टर, वकील यांसहि जपानी लोक असेंच संबोधितात. आडनांव आधीं व 'सेन्सेई' मागून, असा क्रम असतो. गुरूचें नुसतें नांव घेणें उद्धटपणाचें ठरतें. गुरूचें नांव त्याच्या पाठीमागेंहि केवळ उच्चारूं नये असें मनुस्मृतींत सांगितलेलें आहेच, तेव्हां ही चाल आपणांस परकी वाटूं नये. मात्र लहान मुलांशीं बोलणारे शिक्षक सोडले, तर जपानांत कोणी स्वतःस 'सेन्सेई' म्हणवीत नाहीं. स्वतःची ओळख देतांना नुसतें आडनांव सांगावयाचें. मान हा दुसऱ्यानें द्यावयाचा असतो, आपण घ्यावयाचा नसतो. आम्हीं शाळेंत आयुष्य घालविलें. 'मास्तर' हा शब्द आमच्या नांवास मुलांनींच जोडला, आम्हीं नव्हे.

अगोदर आलेला विद्यार्थी तो 'सेम्पाई', मागून आलेला तो 'कोहाई'. यांत वयापेक्षां प्रवेशाचा काळ मोठा. सेम्पाईला मान मिळतो, पण नवख्याला सांभाळून घेण्याची जोखीमहि त्याच्याच शिरावर असते.

श्रेणींची पद्धत ज्युदोंत आणली ती जिगोरो कानो यांनीं. 1882 सालीं टोकियोंतील एका देवळांत अवघ्या बारा चटयांवर त्यांनीं आपलें 'कोदोकान' सुरू केलें व पुढच्याच वर्षीं पहिल्या 'दान' श्रेणी दिल्या. हे गृहस्थ स्वतः शिक्षणतज्ज्ञ. शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. 'केन्दो' या खड्गविद्येंत 'रेन्शी', 'क्योशी' व 'हान्शी' अशा चढत्या पदव्या आहेत. पैकीं पहिली मिळण्यास सहावी 'दान' श्रेणी गांठलेली असावी लागते, आणि त्या सर्व राष्ट्रीय संघ देतो. आपल्या पाटीवर आपणच रंगवून घ्यावयाच्या नसतात.

जेथें ही विद्या शिकवितात त्या जागेस 'दोजो' म्हणतात. हा शब्द मूळचा बौद्धांच्या 'बोधिमण्ड' या संस्कृत शब्दाचें चिनी भाषांतर होय, हें ऐकून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. आंत शिरतांना व बाहेर पडतांना मस्तक लववावें लागतें. पाठाच्या आरंभीं व शेवटीं सर्वजण आपल्या वज्रासनासारखे बसतात आणि शिष्य गुरूस वंदन करतात. तेव्हां गुरुहि शिष्यांस वांकून प्रतिवंदन करतो. मग जोडीदार एकमेकांस वंदितात.

हा केवळ उपचार नव्हे. या विद्येंत एकाचा गळा व कोपर दुसऱ्याच्या हातीं असतें. पेच असह्य झाला कीं खालचा गडी हातानें दोनदां थोपटतो, आणि वरच्यानें तत्क्षणीं सोडावयाचें असतें. तेथें क्षणाचा अहंकार झाला तर सांधा निखळतो. वंदनाची संवय अंगीं मुरलेली असेल तरच तो हात वेळेवर सुटेल.

म्हणून मुलास वर्गांत घालण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एकदां स्वतः जाऊन बसावें. शिक्षकाच्या नांवामागें किती बिरुदें आहेत हें मोजूं नये. सर्वांत लहान मुलानें मस्तक लवविलें असतां त्यांचेंहि मस्तक लवतें कीं नाहीं, एवढेंच पाहावें.