उसातील बिबट्या आणि उपग्रहाचा नकाशा

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. त्यांचेच नाव डिंभे जलाशयास देण्यात आले आहे. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज व पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे आंबेगाव-जुन्नरच्या जिराईत शिवारांत ऊस उभा राहिला. उसाबरोबरच बिबट्याही वस्तीजवळ आला.

सलग वनाचे तुकडे पडून त्यांची बेटे होणे, यास अधिवासाचे विखंडन म्हणतात. त्याच्या अभ्यासासाठी उपग्रहाची चित्रे फार उपयोगी पडतात. भारताने १९८८ साली पहिला आय.आर.एस. उपग्रह सोडला, तेव्हापासून अशी चित्रे देशाच्या स्वतःच्या उपग्रहाकडून मिळू लागली. निरोगी पाने अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित करतात. त्यामुळे अशा चित्रांत हिरवाई तांबडी दाखविता येते. उन्हाळ्यात पानझडीचे वन फिके पडते, बागायती ऊस मात्र टवटवीत राहतो. म्हणून निरनिराळ्या ऋतूंतील चित्रे ताडून वन व ऊस वेगळे ओळखता येतात. त्यावर ओढे, रस्ते व वस्त्या यांचे नकाशे संगणकाच्या साहाय्याने बसविले जातात. हीच भौगोलिक माहिती प्रणाली होय.

केवळ वनाचा नकाशा पाहिला, तर पश्चिमेचे भीमाशंकर अभयारण्य आणि पूर्वेच्या टेकड्या तुटलेल्या दिसतात. परंतु वर्षभर वा त्याहून अधिक काळ उभा राहणारा ऊस बिबट्याला आडोसा देतो आणि हे तुकडे जोडतो. तोडणीच्या हंगामात मात्र तो आडोसा काही दिवसांतच नाहीसा होतो.

२००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्यास उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. बिबटे पकडून दूर सोडण्याचा उपाय किती अपुरा आहे, हे त्याच्या वाटेच्या नकाशाने दाखविले. त्यापूर्वी, २००१ नंतर, जुन्नर परिसरात असे स्थलांतर वाढले. त्या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले.

नकाशा बिबट्याला अडवीत नाही. उसाला लागून असलेल्या वस्त्या कोणत्या, हे मात्र तो दाखवितो. बंदिस्त गोठे, उजेडाची सोय आणि तोडणीपूर्वीची सूचना प्रथम तेथे पोहोचली, तर लेकरे व जनावरे अधिक सुरक्षित राहतील. तोडणीत सापडलेली पिले त्याच जागी ठेवल्यास मादी त्यांना घेऊन जाते. तिची वाट मोकळी ठेवणे, हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे.