दोघी मैत्रिणी, दोन दिवस आणि वेरूळ

उन्हाळा लागला की आपल्या घरांतल्या बायका गावाला जातात. म्हणजे कुठे? भावाच्या लग्नाला, नणंदेच्या बाळंतपणाला, नाहीतर कोणाच्या पुण्यानुमोदनाला. दीक्षाभूमी, चैत्यभूमीला तर आपण वर्गणी काढून जातोच. पण नुसते पाहायला म्हणून, जिवलग मैत्रिणीबरोबर दोन दिवस घराबाहेर पडलेली बाई आपल्या वस्तीत शोधून काढावी लागेल. आम्ही दोघींनी, एक नांदेडची नि एक लातूरची, यंदाच्या मे महिन्यात तसे जायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "लग्न कोणाचं आहे?" लग्न नाही म्हटल्यावर दुसरा, "मग मयत?"

फिरणे ही पैसेवाल्यांची चैन, असे आपणच ठरवून टाकले आहे. बाबासाहेबांनी तसे मानले नव्हते. १९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी त्यांच्यापुढे इच्छा बोलून दाखवली की, तुम्ही बरोबर येणार असाल तर कुठेतरी स्थळे पाहायला जाऊ. बाबासाहेबांनी होकार दिला, आणि ठरले काय, तर काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच. येवल्याच्या घोषणेला अजून एक वर्ष होते. तरी पाय वळले ते वेरूळकडे.

ती सहल सुखाची झाली नाही. तीसएक माणसे होती. वाटेत अपमान नको म्हणून, मुक्कामाच्या ठिकाणाखेरीज कोठे ओळख सांगायची नाही असे ठरवून ती निघाली होती. निजामाच्या राज्यातल्या दौलताबादला पोचली, तेव्हा रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराशी भरलेला हौद होता. अंगावर प्रवासाची धूळ, म्हणून काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत सोडले ते अट घालून : किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही. त्यावर नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. अस्पृश्य हा हिंदूंनाच नव्हे, इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच वाटतो, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या पुस्तिकेत ती आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती पुस्तिका छापली.

लातूरच्या मैत्रिणीला हे वाचून दाखवले तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, जायचंच तर तिथंच जाऊ. त्या हौदाजवळ उभं राहून आपल्या बाटलीतलं पाणी पिऊ." लातूरच्या बाईला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

त्याआधी आमची बरीच चर्चा झाली होती. नांदेड जिल्ह्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा फार देखणा, पण तो पावसाळ्यात पाहावा. मे महिन्यात तिथे काळा खडक तेवढा उरतो. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी लातूरकरांना एका दिवसात होतात, ती पुढच्या एखाद्या रविवारी. अजिंठ्याला औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) शंभरेक किलोमीटर, म्हणजे आणखी एक दिवस आणि आणखी एक रोज बुडणार. वेरूळ मात्र तीस किलोमीटरवर, आणि दौलताबाद वाटेतच. तेव्हा वेरूळच.

वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत. त्यांपैकी १ ते १२ ही बौद्ध. पण होते काय, की फाटकातून शिरल्यावर समोरच १६ क्रमांकाचे कैलास लेणे दिसते आणि सगळी गर्दी तिकडे जाते. तिथेच दुपार होते, मग पाय दुखतात आणि आपली लेणी राहून जातात. म्हणून आत गेल्यावर आधी उजव्या हाताला वळावे. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी त्यांच्यापुढे डोंगराची सावली असते. दुपारनंतर ऊन थेट आत येते. सकाळची पहिली गाडी गाठली तर मे महिन्यातही त्रास होत नाही.

दहावे लेणे चैत्यगृह आहे. त्याला 'सुताराचे झोपडे' म्हणतात, कारण छताला लाकडी वासे असावेत तसे दगडाचे वासे कोरले आहेत. घरात कोणी सुतारकाम करत असेल तर त्याला हे जरूर दाखवा. आत स्तूपापुढे भगवान बुद्ध उपदेश करीत बसले आहेत. बारावे लेणे तीन मजली. वरच्या मजल्यावर दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध रांगेने बसलेले. जिना चढायला अवघड आहे, गुडघे दुखणाऱ्या आजींनी खालूनच वंदन करावे.

पण आम्हाला सगळ्यांत आधी पाहायचे आहे ते पाचवे. सुमारे ११७ फूट खोल असा तो लांबलचक विहार आहे. मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दगडाचे दोन बुटके बाक कोरले आहेत. भिक्खू त्यांच्याशी समोरासमोर बसत. जेवायला म्हणा की पठणाला म्हणा, अभ्यासकांत दोन मते आहेत. या लेण्याचे रूढ नाव काय, तर 'महारवाडा'. त्याच्या अलीकडच्या लेण्यांना 'ढेडवाडा'. फर्ग्युसन आणि बर्जेस या साहेबांनी १८८० साली लेण्यांवर मोठा ग्रंथ छापला, त्यातही 'ढेडवाडा' हे नाव आले. बुद्धाचा विहार विसरला गेला आणि त्याला आपल्या वाड्याचे नाव पडले. ठेवणाऱ्याने ते हिणवायलाच ठेवले असेल, पण आम्ही दोघी तिथे जाऊन त्रिसरण म्हणणार आहोत, आणि ते नाव मुलांना मुद्दाम सांगणार आहोत.

आता बेत. नांदेडहून आम्ही सकाळच्या रेल्वेने परभणी, जालन्यावरून जाऊ. मैत्रीण अंबाजोगाई, बीडमार्गे एसटीने येईल. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. संध्याकाळी नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय पाहायचे. १९५० साली बाबासाहेबांनी उभे केलेले. मग विद्यापीठाचे प्रवेशद्वार. नामांतराच्या लढ्यात नांदेड जिल्ह्याने पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे दिले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तो दिवस सोडून, गर्दी नसताना त्या दाराशी जरा वेळ उभे राहावे असे फार दिवस मनात होते. मुक्काम नात्यातल्या घरी. दुसऱ्या दिवशी पहाटे वेरूळ, परतताना दौलताबाद. किल्ला चढणार नाही, उन्हात चक्कर यायची.

शिदोरीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस टिकतात. सोबत कांदे, डोक्याला ओला पंचा आणि पाण्याच्या मोठ्या बाटल्या. लेण्यांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यामुळे धाकट्यांना न्यायला हरकत नाही. आमच्या धाकट्या यंदा त्यांच्या वडिलांजवळ राहतील, हे मात्र आम्ही घरी सांगून टाकले आहे. वरण-भात त्यांना येतो.

मंगळवारी वेरूळ बंद असते. म्हणून बुधवारी निघायचे, गुरुवारी लेणी, आणि शुक्रवारी सकाळी दोघीही कामावर हजर.