पायाची निगा (लेखांक ७) : बोटाला ९८, पायाला १२

कंधार भागात सोयाबीन निघालं की रानात धस उरतात. शुगरवाल्या माणसाच्या तळपायात धस घुसला तरी त्याला पत्ता नसतो, कारण पायाची जाणीव आधीच गेलेली असते. नांदेड गाठेपर्यंत बोटं काळी पडतात. मागच्या आठवड्यात आपण इथवर आलो होतो. आता प्रश्न असा, की पाय कापायचाच झाला तर कुठून?

‘जितका कमी कापाल तितका बरा,’ असं घरच्यांना वाटतं. पण रक्त न पोचणाऱ्या जागी टाके घातले तर जखम उकलते आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं. धोका नको म्हणून सरळ मांडीतून कापला, तर गुडघा जातो. गुडघा राहिला तर जयपूर फूट घालून माणूस बांधावरून चालतो, उकिडवाही बसतो. मांडीतून कापलेल्याला गुडघाही कृत्रिमच लागतो, चालताना दम लागतो. म्हातारी माणसं मग बाजेलाच खिळतात. म्हणून पायात कुठवर रक्त पोचतं, ते आधी कळायला हवं.

कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे. ‘बाबांचं ऑक्सिजन तर ९८ आहे की!’ असं मुलगा म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण टाकी भरलेली असली म्हणून शेवटच्या नळाला पाणी येतंच असं नाही. बोटावरचा आकडा टाकीचा. पायाच्या कातडीशी ऑक्सिजन किती पोचतो, ते त्यातून कळत नाही.

ते मोजणारी तपासणी म्हणजे ट्रान्सक्युटेनियस ऑक्सिमेट्री. मुळात ही १९७० च्या दशकात जर्मनीत नवजात बाळांसाठी पुढे आली. रुग्णाला उताणं झोपवतात. पोटरीवरचे केस काढून, कातडी पुसून एक चिकट कडं लावतात, त्यात द्रवाचे थेंब टाकून बटणाएवढा इलेक्ट्रोड बसवतात. तो सुमारे ४४ अंशांपर्यंत तापतो. उबेनं बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि कातडीतून बाहेर झिरपणारा ऑक्सिजन मोजता येतो. पंधरा-वीस मिनिटं निमूट पडून राहायचं. त्याआधी बिडी अजिबात नाही. तुलनेसाठी दुसरा इलेक्ट्रोड छातीवर असतो.

निरोगी पायात आकडा साधारण ५० मिलिमीटर पाऱ्याच्या वर असतो. ४० च्या पुढे जखम भरण्याची आशा चांगली, २० च्या खाली फार कमी. मधल्या आकड्यांवरच खरी डोकेफोड होते. तिथे रुग्णाला मास्कने ऑक्सिजन देऊन पुन्हा मोजतात. आकडा दहाएकने चढला तर ते चांगलं लक्षण मानतात. सूज किंवा जंतुसंसर्ग असला की आकडा फसवा कमी येतो. तळव्याच्या जाड कातडीवर तर मोजूच नये.

मग घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजला तर? मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि दाब खोटाच चांगला दिसतो. म्हणून कातडीचा आकडा मोलाचा. तरी माझं मत विचाराल तर त्या एकट्यावर सुरी ठेवू नये. कापताना कातडीच्या कडेतून ताजं लाल रक्त येतं का, हे सर्जन आजही पाहतोच.

कातडीचा ऑक्सिजन मोजणारं हे यंत्र तालुक्याच्या गावी मिळणार नाही. मोठ्या शहरात रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे चौकशी करावी. पायात पू, अंगात ताप असेल तर मात्र आकड्याची वाट पाहू नका. तसं नसेल, तर आधी अँजिओप्लास्टीने रक्त वाढवता येईल का, हे विचारा. तिच्यानंतर आकडा लगेच नाही, तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढतो.

पुढच्या आठवड्यात : कापलेल्या पायाची पट्टी कशी बांधावी.